खेळाच्या कपाटात अर्धा, युद्धाच्या कपाटात अर्धा: नौपाड्यातील एका वाचनालयाची सेवा

नौपाड्यात, गोखले रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक खासगी वाचनालय आहे. त्याची घरपोच पुस्तकसेवा मी गेले चार महिने घेत आहे. वाचनालयाचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि दोन माणसांच्या कष्टांवर चालणाऱ्या जागेचे नाव तक्रारींसह चारचौघांत जावे, अशी माझी इच्छा नाही. अनामत एक हजार रुपये, वर्गणी महिन्याला अडीचशे रुपये, एका वेळी दोन पुस्तके आणि मुदत पंधरा दिवसांची. घरपोच सेवेचे शंभर रुपये वेगळे. ठाण्यात आज एवढ्या पैशांत दोघांचा धड नाश्ताही होत नाही, तेव्हा दराविषयी तक्रार करण्यास जागा नाही.

कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि पाककृतींची पुस्तके कोणतेही वाचनालय देते. आडवळणाचा विषय घेऊन गेल्यावर तेथील माणसे काय करतात, यावरून मी वाचनालय जोखते. माझा विषय या वेळी फारच आडवळणाचा होता. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दर महिन्याला एकाने अर्धा तास बोलायचे असा रिवाज आहे आणि पावसाळ्यासाठी ‘मैदान आणि रणांगण’ हा विषय ठरला होता. मेजर ध्यानचंद आणि कर्नल सी. के. नायडू ही नावे पहिल्या पाच मिनिटांतच गेली. १९५९ साली दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत भारताचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांच्यावर आमच्या शेजाऱ्यांनी हक्क सांगितला. मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे मला काहीतरी जमेलच असे सर्वांनी गृहीत धरले. शेवटी विषय दिला तो माझ्या नातवाने. तो शनिवारी सकाळी रग्बी खेळायला जातो. “आजी, आमचे सर म्हणतात, एका रग्बीवाल्याने महायुद्धात नुसत्या हातांनी विमान मोडलं होतं,” असे तो जेवताना सहज म्हणाला. सरांनी सांगितलेले नाव होते पॅडी मेन. पूर्ण नाव रॉबर्ट ब्लेअर मेन. ‘पॅडी’ हे आयरिश माणसाला सरसकट चिकटवले जाणारे टोपणनाव.

हे एवढे भांडवल घेऊन मी वाचनालयाच्या देवघेव खिडकीशी गेले. खिडकीवर बसणारे काका साठीचे आहेत आणि संगणकापेक्षा स्वतःच्या स्मरणशक्तीवर त्यांचा अधिक विश्वास आहे. तो योग्यच आहे, असे मी पुढील अनुभवावरून म्हणेन. संगणकात ‘मेन’ घातल्यावर काहीच आले नाही. काकांनी डोळे मिटले, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “बाई, युद्धाच्या कपाटात तिसऱ्या खणात आहे. आमच्या मुलाने नाव टाइप करताना काय लिहिलंय देव जाणे.” मुलाने ‘मायने’ असे लिहिले होते. इंग्रजी अक्षरे जशी दिसली तशी वाचल्यामुळे एका आयरिश सैनिकाचे रूपांतर पत्राच्या मायन्यात झाले होते. सूचीची ही अवस्था या वाचनालयातील सर्वांत मोठा दोष आहे. परदेशी नावांच्या बाबतीत संगणकावर विसंबणे येथे निरर्थक आहे. काकांना विचारावे, आणि ते नसतील त्या दिवशी सरळ परत यावे.

पहिल्या घरपोच फेरीत आलेले पुस्तक मात्र भलतेच निघाले. मी फोनवर ‘रग्बीवरचे काहीही’ असे सांगितले होते आणि पोरगा इंग्लंडमधील रग्बी गावच्या शाळेचा इतिहास घेऊन आला. मी ते रागाने परत पाठवणार होते. पण बाहेर पाऊस होता आणि हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून वाचले. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळता खेळता चेंडू हातात उचलला, तो पळत सुटला आणि त्यातून हा खेळ जन्मला, ही गोष्ट आपण सर्वांनी कोठेतरी ऐकलेली असते. विश्वचषकालाही त्याचेच नाव दिलेले आहे. परंतु ही गोष्ट प्रथम लिहिली गेली ती घटनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, १८७६ साली, तेथील एका माजी विद्यार्थ्याने, आणि तीही ऐकीव माहितीवर. तोवर स्वतः एलिस मरण पावला होता. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी नंतर चौकशी केली, तेव्हाही घटना डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मिळाला नाही. चुकून आलेल्या या पुस्तकामुळे मला माझ्या भाषणाची दिशा सापडली. ज्या खेळाची जन्मकथाच पुराव्याविना उभी आहे, त्यातील खेळाडूंच्या कथाही तपासूनच घ्याव्यात, असे मी ठरवले आणि नातवाचे विमान पहिल्या क्रमांकावर ठेवले.

येथून पुढे वाचनालयाच्या मांडणीचा प्रश्न आला. मेनवरील जे साहित्य तेथे आहे ते दोन कपाटांत विभागलेले आहे. खेळाच्या कपाटातील आयरिश रग्बीच्या इतिहासात तो १९३९ साली संपतो. युद्धाच्या कपाटातील चरित्रात तो १९४० साली सुरू होतो आणि आधीच्या पंचवीस वर्षांची बोळवण सात पानांत होते. दोन्ही पुस्तके एकदम घरी आणता आली, ती दोन पुस्तकांच्या सभासदत्वामुळे. एकच पुस्तक देणारी स्वस्त योजनाही येथे आहे. अभ्यासासाठी वाचणाऱ्याने ती घेऊ नये.

खेळाच्या पुस्तकातला मेन असा आहे. जन्म ११ जानेवारी १९१५, उत्तर आयर्लंडमधील काउंटी डाउन येथील न्यूटाउनार्ड्स या गावी, सुखवस्तू कुटुंबात, सात भावंडांत सहावा. शिक्षण गावच्या शाळेत आणि नंतर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात, कायद्याचे. उंची सहा फुटांहून अधिक, अंगापिंडाने दणकट. १९३६ साली तो आयरिश विद्यापीठांचा हेवीवेट मुष्टियुद्ध विजेता झाला आणि १९३७ साली वेल्सविरुद्ध आयर्लंडच्या रग्बी संघात उतरला. देशासाठी तो एकूण सहा सामने खेळला. येथे एक गोष्ट थांबून लक्षात घ्यावी अशी आहे. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली, सीमा आखली गेली, दोन शासने आली. पण रग्बीचा संघ एकच राहिला आणि तो आजही एकच आहे. बेलफास्टचा प्रोटेस्टंट आणि डब्लिनचा कॅथलिक एकाच रंगाचा सदरा घालून मैदानात उतरत. फाळणीनंतर आपल्याकडे खेळाचे काय झाले, हे पाहिलेल्या माझ्या पिढीला या वस्तुस्थितीचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

मेन ‘लॉक’ म्हणून खेळे, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत. कट्ट्यावर हे समजावून सांगताना मला दहीहंडीचा आधार घ्यावा लागला आणि ठाण्यात तो सर्वांना लगेच कळला. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. लॉकचे डोके पुढील रांगेतील दोघांच्या कमरांमध्ये अडकलेले असते. त्याला चेंडू दिसत नाही आणि प्रेक्षकांना तो स्वतः दिसत नाही. पण त्याचा रेटा कमी पडला तर पुढचे तिघे कोलमडतात, जसा खालच्या थरातील गोविंदा डगमगला की वरची सगळी चळत खाली येते. बाहेर गेलेला चेंडू आत फेकला जातो तेव्हा उंच उडी मारून तो झेलण्याचे कामही लॉककडेच. आज सहकारी त्याला कमरेखाली धरून वर उचलतात. त्या काळी ही मुभा नव्हती, ज्याने त्याने आपल्याच पायांच्या जोरावर उडायचे.

१९३८ साली ब्रिटन आणि आयर्लंड मिळून निवडलेला, आज ‘लायन्स’ म्हणून ओळखला जाणारा संघ बोटीने दक्षिण आफ्रिकेला गेला. संघनायक सॅम वॉकर हाही आयर्लंडचाच होता. मेन तिन्ही कसोटी सामने खेळला. जोहान्सबर्ग आणि पोर्ट एलिझाबेथ येथील पहिले दोन सामने पाहुण्यांनी गमावले आणि केपटाउनचा तिसरा सामना २१–१६ असा जिंकला. या दौऱ्यातील मेनच्या उचापतींच्या कथा पुष्कळ आहेत. हॉटेलातील खोल्यांची मोडतोड, मध्यरात्री शिकारीला जाऊन हरीण मारून आणणे आणि ते संघनायकाच्या खोलीत टाकणे, मैदानावर प्रेक्षकांसाठी मांडव उभारणाऱ्या कैद्यांपैकी एकाला रात्री पळवून लावणे. हा कैदी पकडला गेला तेव्हा त्याच्या अंगातील कोटावर मेनचे नाव होते, असेही सांगतात. खेळाच्या पुस्तकाने या साऱ्या गोष्टी कौतुकाने दिल्या आहेत. त्या कोणी पाहिल्या आणि केव्हा लिहिल्या याचा पत्ता त्यात नाही. मी त्यांच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करणार होते. वाचनालयाचे पुस्तक आहे हे वेळेवर आठवले आणि ते माझ्या वहीत केले. माझ्याआधीच्या एका सभासदाला मात्र ही आठवण झालेली नव्हती आणि त्याने अर्धे पुस्तक हिरव्या शाईने अधोरेखित केलेले आहे. परत आलेली पुस्तके उघडून पाहण्याची पद्धत येथे नाही, हा दुसरा दोष.

युद्धाचे पुस्तक अधिक जाड आणि अधिक चांगले आहे. वकिली सोडून मेन आधी तोफखान्यात, मग रॉयल अल्स्टर रायफल्स या पलटणीत आणि तेथून अकराव्या स्कॉटिश कमांडो तुकडीत गेला. जून १९४१ मध्ये लेबनॉनमधील लितानी नदीवर ही तुकडी समुद्रातून उतरली. समोर व्हिशी फ्रान्सचे, म्हणजे जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारचे, सैन्य होते. तुकडीचा प्रमुख कर्नल पेडर मारला गेला, जीवितहानी मोठी झाली, आणि मेनने कैदी व शस्त्रे घेऊन आपली माणसे मागे आणली. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड स्टर्लिंग नावाचा तरुण अधिकारी इजिप्तमध्ये एक छोटे पथक जमवत होता. शत्रूच्या पिछाडीला रात्री उतरून त्याची विमाने जमिनीवरच उद्ध्वस्त करायची, ही त्याची कल्पना. त्या पथकाचे नाव स्पेशल एअर सर्व्हिस, म्हणजेच एसएएस.

या पथकात मेन कसा आला, याची एक अतिशय लोकप्रिय कथा आहे. वरिष्ठ अधिकारी कीज याला ठोसा मारल्याबद्दल तो कोठडीत होता आणि स्टर्लिंगने त्याला तेथून उचलून नेले, अशी ती कथा. युद्धाच्या कपाटातील चरित्रात ती एखाद्या नाटकातील प्रवेशासारखी, संवादांसह दिलेली आहे. तिच्याविषयी शंका आली म्हणून मी काकांना आणखी एखादे पुस्तक आहे का, असे विचारले. वाचनालयाकडे नव्हते. परंतु त्यांचा मुंबईतील दुसऱ्या एका वाचनालयाशी पुस्तकांच्या अदलाबदलीचा करार आहे आणि त्यातून एक अलीकडचे चरित्र अकरा दिवसांत आले, तेही जादा आकार न घेता. या सुविधेचा उल्लेख वाचनालयाच्या माहितीपत्रकात कोठेही नाही, याचे मला आश्चर्य वाटते, कारण माझ्या मते त्यांच्याकडील सर्वांत मोलाची सेवा हीच आहे. त्या तिसऱ्या पुस्तकाने कोठडीची कथा मोडीत काढली. कीजच्या रोजनिशीतील नोंदींवरून, मेनने मारहाण केली ती तुकडीच्या उपप्रमुखाला, असे दिसते. कीजला मारल्याचा पुरावा नाही. मेनचे नाव सुचवले ते त्याचा मित्र इओन मॅकगोनिगल याने, असे हे पुस्तक मांडते. म्हणजे मारामारी खरी, मार खाणारा वेगळा. तीन पुस्तके टेबलावर एका ओळीत उघडी ठेवून बोट एका परिच्छेदावरून दुसऱ्यावर नेण्यातला आनंद मी नोकरी सोडल्यापासून अनुभवला नव्हता.

पथकाची पहिली मोहीम नोव्हेंबर १९४१ मध्ये सपशेल फसली. वादळात विमानांतून उड्या मारलेल्या पन्नासहून अधिक जणांपैकी निम्म्याहून कमी परत आले. मॅकगोनिगल त्यात गेला. यानंतर उड्यांचा नाद सोडून वाळवंटाची माहिती असलेल्या टेहळणी पथकाच्या ट्रकमधून जायचे ठरले. डिसेंबरच्या मध्यावर मेन लिबियातील तामेत येथील विमानतळावर पोहोचला. सोबत मोजकी माणसे आणि ‘लुईस बॉम्ब’. स्फोटक द्रव्य, थर्माइट आणि तेल एकत्र मळून केलेला हा जेमतेम अर्ध्या किलोचा गोळा पंखावर चिकटवला की तो फुटतोही आणि पेटतोही, म्हणून विमानातील इंधनाला आग लागते. तो तयार करणारा जॉक लुईस हा ऑक्सफर्डच्या नौकानयन संघाचा अध्यक्ष राहिलेला खेळाडू, आणि त्याचा जन्म आपल्या कोलकात्याचा. हा तपशील वाचून कट्ट्यावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, जणू काही बॉम्बही आपणच केला होता. लुईस त्याच महिन्याच्या अखेरीस एका मोहिमेवरून परतताना मारला गेला.

आता नातवाचे विमान. तामेत येथे बॉम्ब संपल्यावर एक विमान शिल्लक राहिले, मेन त्याच्या वैमानिक कक्षात चढला आणि त्याने उपकरणांचा फलक हातांनी उचकटून बाहेर काढला, ही ती गोष्ट. युद्धाच्या दोन्ही पुस्तकांत ती आहे. त्या रात्री निकामी झालेल्या विमानांची संख्या बहुतेक ठिकाणी २४ दिलेली आढळते. त्यातली किती जळाली आणि किती मोडली याची विभागणी मात्र पुस्तकागणिक बदलते. दोनच आठवड्यांनी तो त्याच तळावर पुन्हा गेला. पुढील वर्षीही हा क्रम चालू राहिला, आणि जुलै १९४२ मध्ये सिदी हनेश येथे तर मशीनगन बसवलेल्या जीपगाड्यांची रांग थेट धावपट्टीवर घालून विमाने जाळण्यात आली. आफ्रिकेतील वाळवंटात शंभराच्या आसपास विमाने नष्ट केल्याचे श्रेय मेनला दिले जाते. तेव्हा नातवाला मी सांगितले ते असे: विमान मोडले नाही, विमानाचे घड्याळ-काटे उपटले, आणि वैमानिकाच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नाही.

जानेवारी १९४३ मध्ये स्टर्लिंग पकडला गेला आणि पथकाचा भार मेनवर आला. सिसिलीतील तोफा, ऑगस्टा बंदर, बान्यारा आणि तेर्मोली ही इटलीतील प्रकरणे चरित्रात शंभर पाने घेतात. ती मी भराभर उलटली, कारण तेथे नकाशे इतके वाईट छापलेले आहेत की कोण कोठे आहे ते समजत नाही. १९४४ साली तो लेफ्टनंट कर्नल म्हणून पहिल्या एसएएस रेजिमेंटचा प्रमुख होता आणि ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये शत्रूच्या पिछाडीला उतरला.

मला सर्वांत अधिक वाचायचे होते ते ९ एप्रिल १९४५ चे प्रकरण, आणि नेमकी त्याच प्रकरणाची चार पाने फाटलेली होती. जर्मनीतील ओल्डेनबुर्गजवळ मेनची एक तुकडी रस्त्याच्या कडेला अडकली, तिचा प्रमुख मेजर बाँड मारला गेला आणि जखमी जवान चरात पडून राहिले, येथवर छापील मजकूर होता आणि पुढे शिवणीला चिकटलेले कागदाचे दात. काकांना पुस्तक दाखवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, वहीत नोंद केली आणि दोन दिवसांनी मुंबईच्या प्रतीवरून त्या पानांच्या झेरॉक्स काढून आणून पुस्तकात व्यवस्थित चिकटवल्या. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. कोणत्या सभासदाने पाने फाडली हे नोंदवहीवरून त्यांना कळले असावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

त्या चार पानांत हे आहे. मेनने प्रथम पायी जाऊन, ज्या घरांतून गोळीबार होत होता ती घरे शांत केली. मग तो जीपमध्ये बसला. मागील मशीनगनवर लेफ्टनंट जॉन स्कॉट होता. शत्रूच्या डोळ्यांदेखत उघड्या रस्त्यावर मेनने जीप पुढे नेली, वळवली, परत आणली, पुन्हा नेली, आणि शेवटी चराशी थांबवून जखमींना एकेक करून उचलून गाडीत घातले. कट्ट्यावर मी पुस्तक बंद करून एवढेच सांगितले की लॉकने आयुष्यभर जे केले तेच त्याने त्या दिवशी केले: वाकला, धरले, रेटले आणि आपली माणसे बाहेर काढली. एका आजोबांनी लगेच हरकत घेतली की गाडी चालवणे आणि स्क्रम यांची तुलना होत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर असावे. पण मला ते चित्र तसेच दिसले आणि मी ते सोडायला तयार नाही.

या कामगिरीसाठी त्याच्या नावाची शिफारस व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकासाठी झाली. मिळाला तो डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, चौथ्यांदा. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान चार वेळा मिळवणारे फार थोडे. फ्रान्सने त्याला लेजियाँ दॉनर दिले. व्हिक्टोरिया क्रॉस का नाकारला गेला, यावर आजही वाद आहे. २००५ साली ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात शंभराहून अधिक खासदारांनी त्यासंबंधीच्या प्रस्तावावर सह्या केल्या. निर्णय बदलला नाही. युद्धाची दोन्ही पुस्तके या बाबतीत संतापलेली आहेत. माझ्या मनाला मात्र शेवटची दहा वर्षे अधिक लागली. ऑक्टोबर १९४५ मध्ये पथक बरखास्त झाले. मेन दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड परिसराच्या सर्वेक्षण मोहिमेत सामील झाला. पण पाठीच्या जुन्या दुखापतीने तेथे टिकू दिले नाही. तो गावी परतला आणि उत्तर आयर्लंडच्या वकील संघटनेचा सचिव झाला. पाठीमुळे रग्बी संपली होती. दारू वाढली होती, आणि ती चढल्यावर तो कोणाशीही भिडत असे, हे दोन्ही पुस्तके सांगतात. शब्द काय ते कमी-अधिक सौम्य. १४ डिसेंबर १९५५ च्या पहाटे घरी जाताना त्याची रायली मोटार उभ्या असलेल्या एका लॉरीवर आदळली. वय चाळीस. गावच्या चौकात आज त्याचा पुतळा आहे.

राहिलेल्या तक्रारी थोडक्यात. जुलैमध्ये सलग पाऊस होता तेव्हा पुस्तके न्यायला पाच दिवस कोणी आले नाही आणि संगणकाने मात्र त्या पाच दिवसांचे विलंब शुल्क लावले. काकांनी फेऱ्यांची वही पाहून ते रद्द केले. परंतु सांगायला मला जिना चढून जावे लागले, आणि जिना उंच पायऱ्यांचा आहे, उद्वाहन नाही. वाचन करण्यासाठी दोन टेबले आणि एक पंखा आहे. पंख्याखालची जागा साडेदहापर्यंत वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांनी भरलेली असते. महिलांसाठी स्वच्छतागृह नाही, आणि तीन तास बसून टिपणे काढू इच्छिणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ही बाब इतर सर्व दोषांपेक्षा गंभीर आहे. मी दोनदा सांगितले आहे. इमारतीचा प्रश्न असल्याचे उत्तर मिळाले. पुस्तके घरी पोहोचवणारा मुलगा विनम्र आहे, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणतो, त्यामुळे पावसातही एकाही पुस्तकाचा पुठ्ठा भिजला नाही.

गेल्या आठवड्यात आयरिश रग्बीचे पुस्तक परत करण्यास गेले, तेव्हा काकांनी खेळाच्या कपाटात त्या जागी पुठ्ठ्याची एक पट्टी लावलेली दाखवली. तीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात ‘पुढील भाग: युद्ध, खण तिसरा’ असे लिहिलेले होते. युद्धाच्या कपाटातही तशीच पट्टी आहे, ‘मागील भाग: खेळ, खण पहिला’. मी आणखी सहा महिन्यांची वर्गणी भरली. पुढील विषय म्हणून हेमू अधिकारींवरचे काही असेल तर हवे, असे सांगून आले आहे, कारण शेजाऱ्यांच्या भाषणातील दोन-तीन गोष्टी मला खटकल्या.

वाचनालय सकाळी साडेनऊ ते एक आणि सायंकाळी साडेचार ते साडेआठ उघडे असते, गुरुवारी बंद. अनामतीची पावती जपून ठेवावी, परतफेडीच्या वेळी ती मागतात. मेनवरील चरित्र संगणकात शोधायचे असल्यास ‘मायने’ असेच लिहावे. दुरुस्ती अद्याप झालेली नाही.